रोझेन खोटं बोलते

२ नोव्हेंबर

आज मेलेल्यांचा दिवस. सकाळी झोबच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवून आले. पिवळीच घेतली. जांभळी त्याला आवडत नसे, बिशपच्या झग्यासारखी दिसते म्हणायचा. शेजारी सासूबाईंच्या थडग्यावर माझ्या दिरानं, फाँशनं, ठेवलेली कुंडी माझ्यापेक्षा मोठी निघाली. असू दे. मेलेली माणसं कुंड्या मापत नाहीत.

ही वही माझ्या लेकीनं, आनाइगनं दिली. ती रेनला राहते. म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून तू कुत्रीशीच बोलतेस. त्यापेक्षा लिही." अगं, कुत्री निदान ऐकते तरी! पण वही कोरी ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी शाळेत गेले ती गाई राखण्याइतकी मोठी होईपर्यंतच. नन बाई म्हणायच्या, स्वाझिग, तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. तर ही घ्या कोंबडी, निघाली.

झोब वसंतात गेला. मागे ठेवलं काय, तर लाकडी बुटांचा जोड, पितळेचं एक घुंगरू आणि रोझेन. रोझेन म्हणजे गुलाब. त्या साली जन्मलेल्या सगळ्या कुत्र्यांची नावं 'र'वरून ठेवायची, असा कागदपत्रवाल्यांचा हुकूम होता. झोब आठवडाभर र, र करत फिरला, आणि शेवटी माझ्या आईचं नाव कुत्रीला ठेवलं. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. आता वाटतं, ते चार दिवस फुकट घालवले.

पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिगळं, शेपूट म्हणजे नुसतं बोटभर खुंट, आणि डोळे हेझलनटसारखे. तिच्या आजीची आजी झोबच्या बापानं पाळली होती. पाखरू हुडकावं तर या घराण्यानं. लाडकी आहे माझी, उगाच कशाला लपवू! तिला बघितलं की माझ्या तोंडाला हसू फुटतं, मग ती माझा बूट चावत का असेना.

आता रानातली शिकार सुरू होईल. उत्तरेकडून बेकास यायला लागतील. लांब चोचीचं, वाळक्या पानांच्या रंगाचं पाखरू. पायाशी बसलेलं असलं तरी माणसाला दिसायचं नाही. आणि आमचं रान असं दाट की कुत्रीही दिसायची नाही. म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू. वाजतंय तोवर ती शोधते आहे. थांबलं की समजायचं, वास लागला, बाईसाहेब एक पाय उचलून जागच्या जागी थिजल्या. मग आवाज जिथं थांबला तिथं जायचं, पाखरू उठवायचं.

झोबचे कान बंदुकीनं कधीच गेलेले. त्याच्यामागं बैल हंबरला तरी त्याला पत्ता नाही. म्हणून जन्मभर मी सोबत. तो विचारायचा, "स्वाझिग, थांबली?" मी म्हणायची, "थांबली, मोठ्या ओकच्या डावीकडं." कधी चुकले नाही. गावात मला अजून 'झोबचे कान' म्हणतात. पाद्रीबाबांनी तर झोबला पुरतानाच्या प्रार्थनेतही ते सांगितलं. लोक हसले, मी रडले.

आता बंदूक फाँशची आणि कान माझे, असं ठरलंय.

६ नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. कपाळ माझं!

फाँश सफरचंदाच्या झाडावरून पडल्यापासून त्याचा गुडघा चढ चढत नाही. म्हणून तो खाली, पाणचक्कीच्या ओढ्यापाशी, खोल गाडीवाटेत उभा. रानातून निघालेलं पाखरू तिकडूनच जातं. ओढ्याच्या खळाळात त्याला घुंगरू ऐकू येत नाही. मी वरून ओरडायचं, "थांबली!" आणि त्यानं बंदूक खांद्याला लावायची.

रोझेनला सोडलं. गेली वाजत वाजत. होलीच्या झुडपांत शिरली आणि घुंगरू बंद. आहाहा! म्हटलं, पहिल्याच पावलाला! ओरडले, "थांबली!" आणि शिरले काट्यात. होलीची पानं म्हणजे हातभर सुया. गेले, वाकले, बघितलं. रोझेन नाही. पाखरू नाही. उभी राहिले वेड्यासारखी, तर बाई माझ्या मागून आल्या, जीभ बाहेर, कान उलटे, जणू जत्रेतून येते आहे.

पुन्हा सोडली. पुन्हा तेच. गेली की थांबली. ओरडावं, धावावं, तर तिथं कुणी नाही. दुपारपर्यंत माझे पायमोजे फाटले, आणि फाँश खाली बंदूक धरून धरून खांबासारखा झाला.

"वहिनी," म्हणाला, "बेकास मारायला उभं केलंय की बुजगावणं म्हणून?"

"मी काय करू? ती थिजते आणि पळते."

"झोबदादा असता तर..."

"झोबदादा असता तर तुला ओढ्यात उभं केलं असतं, काठावर नाही."

हसला. पण रिकाम्या पिशवीनं घरी आलो. रात्री कुट्टूचे घावन केले, खारं लोणी लावून. रोझेनला तुकडा द्यायचा नाही ठरवलं होतं. दिला.

९ नोव्हेंबर

नवीन किटली बिघडली. पाणी उकळलं की शिट्टी मारते म्हणून घेतली होती, आता मुकी झालीय. मी आपली शिट्टीची वाट बघत लसूण सोलत बसले. पाणी आटलं, बूड काळं झालं. हल्ली वस्तू अशाच बनवतात. माझ्या आईची किटली शिट्टी मारत नव्हती, पण तसं वचनही देत नव्हती.

एक चांगली गोष्ट. उंदीर गेले. रोज पोटमाळ्यावर त्यांची चूंचूं चालायची, आता कसं शांत. मांजरानं म्हातारपणी नाव काढलं. पिठाची गोणी मात्र खालून कुरतडलेली दिसली. जाता जाता कुरतडली असणार.

१३ नोव्हेंबर, रविवार

रोझेन खोटं बोलते. लिहिताना हात जड होतोय, पण खरं तेच लिहायचं.

सबंध सकाळ तीच तऱ्हा. मला आधी वाटलं, घुंगरातच काही अडकलं असेल. म्हणून स्वयंपाकघरात कानाशी धरून हलवलं. किणकिण, किणकिण, मस्त वाजतंय. म्हणजे दोष पितळेचा नाही. मग राहिलं कोण?

झोब सांगायचा, कुत्र्याचे सगळे गुन्हे माफ, चोरी माफ, चावणं माफ, पण खोटं थिजणं माफ नाही. पाखरू नसताना 'आहे' म्हणणारा कुत्रा माणसाला रानातच वेडा करतो. असल्या कुत्रीची पिल्लं घ्यायची नाहीत, हा त्याच्या बापापासूनचा नियम. येत्या वसंतात रोझेनची पिल्लं घ्यायची, हे झोबनं जायच्या आधी माझ्याकडून वदवून घेतलंय. घराण्यातली ती एकटीच उरली. आता ती खोटारडी निघाली तर पिल्लं नाहीत. आणि पिल्लं नाहीत तर घराणं माझ्याच हातून संपलं.

सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? तिच्या नजरेचा. काट्यातून बाहेर येते आणि माझ्याकडं अशी बघते की जणू खोटं मीच बोलले.

"खोटारडे," म्हटलं तिला, "लाज वाटत नाही? तुझी पणजी तीन पायांवर खरं बोलायची!"

खुंट हलवलं तिनं.

१५ नोव्हेंबर

आनाइगचा फोन. हल्ली ही तोंडात भाकरी ठेवल्यासारखी बोलते. शहरात राहून सगळे असेच पुटपुटतात. म्हटलं, नीट तोंड उघडून बोल. तर म्हणाली, "आई, रेडिओ केवढ्यानं लावलायस! मला इथं रेनला ऐकू येतोय." मी म्हटलं, बातम्या देणाराच पुटपुटतो, त्याला सांग. मग म्हणाली, "एकदा डॉक्टरला दाखवून ये." कशाला? पाय धड, दात माझे स्वतःचे, गुडघे फाँशपेक्षा शंभरपट बरे. दाखवायचं काय?

पाद्रीबाबाही थकले बिचारे. रविवारी प्रवचन दिलं ते पहिल्या बाकाच्या पुढं आलंच नाही. मी शेजारच्या मारीला कोपरानं ढोसून म्हटलं, "गेले हे, हिवाळा काढत नाहीत." मारीनं माझ्याकडं असं बघितलं की मीच त्यांना मारायला निघाले आहे.

रेडिओ लावला तर रोझेन टेबलाखाली जाऊन बसते. अपराधी मन, दुसरं काय.

२० नोव्हेंबर, रविवार

पौर्णिमा. नोव्हेंबरच्या चंद्राबरोबर बेकास येतात, तशी रात्रीत आली. सुताराला दोन मिळाली, बेकरीवाल्याच्या पोरालासुद्धा एक. आणि ज्या घरात खरी कुत्री आहे, त्या घरात बटाटे.

आज काय झालं ते सांगते, म्हणजे माझी चीड तुम्हाला कळेल. (तुम्हाला म्हणजे कुणाला? वहीला. असो.) मी हाका मारून थकले. रान मुकाट. सकाळपासून शांतताच शांतता. आधी प्रत्येक वेळी धावले. मग धावणं सोडलं. शेवटी एका ओंडक्यावर बसून भाकरी काढली. खाऊन उठले, पाय मोकळे करायला बर्चच्या झाडांमागं गेले, तर समोर रोझेन.

थिजलेली. एक पाय वर, मान लांब, अंगातून बारीक थरथर. किती वेळ उभी होती कोण जाणे! ओठावरची लाळ थंडीनं पांढरी झालेली. मला बघून नुसते डोळे फिरवले, मान नाही. आणि माझ्या बुटाखाली काटकी मोडली, तसं तिच्या नाकापुढचं वाळकं पान उडालं. पान नव्हतं ते. बेकास! काय ते पंख! गेलं गाडीवाटेच्या दिशेनं, आणि मी तोंड उघडेपर्यंत फाँशच्या डोक्यावरून पार.

खालून तो ओरडला, "वहिनी! सांगायचं तरी!"

काय सांगायचं? सकाळभर खोटं बोलून बोलून तिनं माझा विश्वास घालवला, आणि एकदा खरं बोलली ते मला कळलंच नाही. सगळं रानच शांत, त्यात तिची शांतता कुठली ते कसं ओळखायचं? लांडगा आला रे आला, दुसरं काय!

पण खरं सांगू का, ती जशी उभी होती ना, तशी खोटारडी कुत्री उभी राहत नाही. हे मला दिवसभर टोचतंय.

२३ नोव्हेंबर

ठरवलं. रोस्कॉफला माझी मामेबहीण मादालेन आहे, समुद्राकाठी फ्लॉवरची शेती. तिला कबुतरं हाकलायला कुत्रं हवंय. मी फोन केला. म्हणाली, "पाठव, नाताळच्या आधी पाठव, कबुतरं फार माजलीत." तिकडं रान नाही, बेकास नाही, थिजायचं काम नाही. नुसतं भुंकायचं. खोटं बोलायला वावच नाही.

झोबच्या कुत्रीनं फ्लॉवर राखायचा! त्याच्या आजीनं ऐकलं असतं तर थडग्यातून काठी घेऊन आली असती.

फोन ठेवला, तर रोझेन आली आणि माझ्या लाकडी बुटावर हनुवटी टेकून झोपली. मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

खिडकीतला लाल छातीचा पक्षी यंदा गात नाही. येतो, चोच उघडतो, छाती फुगवतो, पण गात नाही. सगळ्यांना काय झालंय यंदा, देव जाणे.

२७ नोव्हेंबर, रविवार

मादालेनचं फाँशला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, "माझ्या भावाची कुत्री फ्लॉवरात? आज मी वर येतो. बघतो ही कशी खोटं बोलते."

"आणि गुडघा?"

"गुडघा माझा आहे, ओरडायला लागला तर मीच ऐकेन."

आला लंगडत, काठी टेकत, शिव्या घालत. आम्ही दोघं ओकखाली उभे राहिलो आणि रोझेनला सोडली. होलीत शिरली, आणि बंद! मी त्याचा हात धरला.

"बघ! थांबली. आत्ता या घडीला. ऐक."

फाँशनं टोपी कानावरून वर सारली.

"ऐकलंस? ठार शांत. आता जाऊन बघ, तिथं कुणी नसणार."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग होलीकडं. मग परत माझ्याकडं. अशी नजर मी त्याची फक्त झोबच्या आजारपणात पाहिली होती.

"आत्ता शांत आहे?" त्यानं विचारलं.

"मग काय बँड वाजतोय?"

तेवढ्यात रोझेन उजवीकडून झुडपांतून उडी मारून आली आणि त्याच्या पायांना अंग घासायला लागली. मी म्हटलं, "हे बघ! होलीत थांबलेली, आणि आली कुठून? पटलं ना आता? खोटारडी!"

फाँश खाली वाकला, तिचं डोकं धरून बराच वेळ कुरवाळत बसला. गुडघा दुखत असणार, कारण वर आला तेव्हा डोळे ओले होते. म्हणाला, "पटलं, वहिनी. चला घरी."

स्वयंपाकघरात मी किटली ठेवली आणि पेले काढायला लागले, तर हा पटकन उठला आणि किटली चुलीवरून उतरवली. मी म्हटलं, "उकळलं कसं कळलं तुला? ती तर मुकी आहे." म्हणाला, "वाफ दिसली." गुडघा अधू, पण नजर तेज.

मग सफरचंदाची दारू ओतून घेतली आणि पेला टेबलावर फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "खोटारड्या कुत्रीवर बाबांचा एक उपाय होता."

"कुठला? मी या घरात आले तेव्हापासून तर कधी ऐकला नाही."

"तुम्ही यायच्या आधीचा. उद्या आणतो. तोवर मादालेनला थांबवा."

"नाताळपर्यंतच," मी म्हटलं. "मी शब्द दिलाय."

२९ नोव्हेंबर

उपाय म्हणजे काय, तर मेंढीची घंटा! फाँशच्या चुलीवर टांगलेली असते ती. सैन्यात असताना दक्षिणेकडच्या डोंगरातून आणलेली. लोखंडी पत्र्याची, मुठीएवढी, वाजते कशी तर ठोक ठोक, रिकाम्या बादलीवर लाकूड मारल्यासारखी. पितळेचं घुंगरू काढायचं आणि ही बांधायची.

"याच्यानं काय होणार?"

"लाज," म्हणाला. "घराण्याच्या कुत्रीच्या गळ्यात मेंढीची घंटा. लाजेनं खोटं सुटतं. बाबांनी हीच बांधली होती एकीला."

आता बाबा, म्हणजे माझे सासरे, फाँश सैन्यातून यायच्या आधीच वारले होते. मग त्यांनी ही घंटा कधी बांधली? पण फाँशचं सालांचं गणित पहिल्यापासून कच्चं आहे. मी वाद घातला नाही.

बिचारी रोझेन! अंगणात फिरली तर ठोक ठोक. घरात आली तर ठोक ठोक. पोस्टमन सायकलवरून उतरून हसला. "स्वाझिग काकू, आता लोकरही काढणार का?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्याची आधी काढते, मग तिची." पण आतून वाईट वाटलं. एकटी असताना तिला जवळ घेऊन सांगितलं, "थोडे दिवस, रोझेन. लाज वाटू दे, पण फार नको."

तिला अजून तरी लाज वाटलेली दिसत नाही.

४ डिसेंबर, रविवार

काय लिहू, कुठून लिहू! अक्षर आज कोंबडीचंसुद्धा नाही, पिल्लाचं आहे.

पहाटे गोठलं होतं. फाँश खाली ओढ्यापाशी, मी वर. रोझेनला सोडली. ठोक ठोक, ठोक ठोक, होलीत शिरली. मी मनाशी म्हटलं, आता थांबेल, नेहमीसारखी. थांबली नाही! ठोक ठोक करत होलीतून पलीकडं निघाली, बर्चकडं गेली, वळली, चढावर, परत खाली. मी नुसती ऐकत उभी. कुठं आहे, कुठं वळली, सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं. लाजेनं एवढी सुधारेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि मग मोठ्या ओकच्या डावीकडं, थांबली.

अशी शांतता मी झोब गेल्यापासून ऐकली नव्हती. नुसतं गप्प होणं वेगळं आणि हे थांबणं वेगळं. घरातलं घड्याळ बंद पडलं की कसं अंगावर येतं, तसं. हळूच कुणी विचारावं तसं वाटलं, "स्वाझिग, थांबली?"

मी ओरडले, "थांबली! ओकच्या डावीकडं!"

पळत गेले. या वयात! आणि ती होती. तिथंच होती! पाय वर, मान लांब, मेंढीची घंटा छातीशी स्तब्ध. मी वाटेची बाजू मोकळी सोडून मागून आले, टाळी वाजवली, आणि वाळक्या पानातून बेकास उठलं. खाली बंदूक वाजली. मग काही नाही. मग फाँशची आरोळी.

रोझेन गेली, ठोक ठोक ठोक, आणि तोंडात पाखरू घेऊन आली. फाँशजवळून गेली, त्याच्याकडं बघितलंही नाही. सरळ चढ चढून माझ्या हातात दिलं. एक पीस विस्कटलं नव्हतं.

मी खाली बसले आणि तिच्या मानेत तोंड घालून रडले. बोलले काय काय ते आठवत नाही. फाँश काठी टेकत वर आला. म्हटलं, "अरे, तुझ्याही डोळ्यांत पाणी?"

"बंदुकीचा धूर," म्हणाला.

एवढ्या वाऱ्यात धूर कुठला! पण माणसाला कधीकधी धूर लागतो.

५ डिसेंबर

मादालेनला कळवलं, कबुतरांसाठी बुजगावणं उभं कर, आमची कुत्री कामात आहे. ती काहीतरी पुटपुटली.

१८ डिसेंबर, रविवार

मध्ये लिहिलं नाही, कारण रोज रानात. रोझेन एकदाही खोटं बोलली नाही. एकदाही! सुतार म्हणाला, ती घंटा काढा आता, शिक्षा पुरे झाली, कुत्री सुधारली. फाँश त्याच्या अंगावर असा धावला की मीच दचकले. "काढायची नाही! जन्मभर नाही! काढली की रोग परत येतो." सुतार बघतच राहिला. एका घंटेपायी एवढं तापायचं कारण काय?

आज पाखरू रांधलं, आमच्या पद्धतीनं, साफ न करता, खाली पावाचा काप ठेवून, म्हणजे आतलं सगळं त्यात उतरतं. फाँशनं हाडंसुद्धा चोखली. तो हल्ली बदललाय. पूर्वी ताटात तोंड घालून बोलायचा, आता दिव्याखाली समोर बसतो, माझ्या तोंडाकडं बघून सावकाश बोलतो, एक एक शब्द सुटा. बायको असती बिचाऱ्याची तर सुखी झाली असती. मेंढीच्या घंटेचा गुण त्यालाही लागला म्हणायचा.

मुक्या किटलीच्या जागी त्यानं मला जड झाकणाचं पातेलं आणून दिलंय. उकळलं की झाकण धडधडतं. त्याला सगळ्यांवर उपाय सुचतात.

पिल्लांचं ठरलं. कालाक गावातल्या एका घरचा कुत्रा आहे, झोबला तो आवडायचा. पुढच्या साली अक्षर 'व्ह' आहे. 'व्ह'वरून काय नाव ठेवायचं माणसानं? मी आतापासूनच व्ह, व्ह करत फिरते आहे. रोझेनला वाटतं मी तिच्यावर भुंकते.

झोबचं पितळेचं घुंगरू खिडकीच्या खिळ्याला टांगलंय. वारा आला की हलताना दिसतं. वाजत मात्र नाही. धन्याबरोबर तेही गप्प झालं असेल.

जाताना फाँश दारात टोपी फिरवत उभा राहिला. म्हटलं, "काय राहिलं?"

म्हणाला, "वहिनी, मला हल्ली कमी ऐकू येतंय. बंदुकीनं असेल, दादासारखं. गुरुवारी कालाकला कानाच्या डॉक्टरकडं जाणार आहे. एकट्याला भीती वाटते. याल का सोबत? तुम्हीही दाखवून घ्या, जाताच आहात तर. म्हणजे मला धीर येईल."

बिचारा! एवढा दांडगा माणूस, आणि डॉक्टरला भितो. त्याचा हात धरला आणि सांगितलं, "येते. आणि तू अजिबात काळजी करू नकोस. झोबला पुरले, तसे तुलाही पुरतील. माझे कान आहेत ना!"

त्यानं मान हलवली. मग वाटेला लागला, लंगडत, आणि रोझेन त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. अंधारात दोघं दिसेनात. मी दारात उभी राहून ऐकत राहिले, ठोक ठोक, ठोक ठोक, कुठं आहेत ते मला बरोबर कळत होतं.